खाऱ्या वाऱ्यातले वेल्डिंग : सांध्यांची नावे आणि ते भरण्याची रीत

हर्णै, मिरकरवाडा किंवा मालवणच्या बंदराजवळच्या घरांवरील लोखंडी शेड नीट पाहिल्या, तर पाइपाच्या मधल्या भागाआधी सांध्यांनाच गंज लागलेला आढळतो. असा सांधा बहुधा ताकदीत कमी पडलेला नसतो. तो अर्धवट भरलेला असतो आणि उरलेल्या फटीत खारे पाणी मुरत राहते. म्हणून किनाऱ्यावर काम करताना कोणता वेल्ड कोठे घालायचा, हे मशिन सुरू करण्यापूर्वीच ठरवावे.

दोन पट्ट्या एकाच पातळीत टोकाला टोक लावून जोडल्या, की त्यांच्यामधल्या भरणाला बट वेल्ड म्हणतात. सुमारे ३ मिलिमीटरपर्यंतच्या जाडीला कडा सरळ ठेवून थोडी फट सोडली तरी चालते. ६ मिलिमीटरच्या पुढे मात्र कडा ग्राइंडरने तिरप्या घासून दोन्ही मिळून सुमारे ६० अंशांची व्ही आकाराची खाच करावी, तळाशी दोन-तीन मिलिमीटर फट ठेवावी आणि पहिला थर, म्हणजे रूट रन, आरपार उतरल्याची खात्री झाल्यावरच वरचे थर चढवावेत. पट्ट्या एकमेकींवर चढवल्या किंवा काटकोनात उभ्या केल्या, तर कोपऱ्यात येणारे त्रिकोणी भरण म्हणजे फिलेट वेल्ड. गेट, ग्रिल आणि शेडच्या कामात याचीच संख्या सर्वांत जास्त असते. फिलेटचे माप त्याच्या बाजूच्या लांबीवरून, म्हणजे लेगवरून सांगतात, परंतु भार पेलतो तो मधला घसा, म्हणजे थ्रोट. दोन्ही बाजू सारख्या असतील तर ६ मिलिमीटर लेगला घसा सुमारे ४.२ मिलिमीटर मिळतो. वर फुगवटा चढवून वेल्ड दणकट दिसतो खरा, पण त्याने रॉड, म्हणजे वितळून सांधा भरणारी लेप दिलेली कांडी, वाया जाण्यापलीकडे फारसे काही साधत नाही.

सांगाडा गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, धरून ठेवण्यासाठी जागोजागी जे छोटे टाके मारतात ते टॅक. थोडे भरून, थोडे सोडून घातलेला तो स्टिच वेल्ड. पातळ पत्रा उष्णतेने वाकू नये म्हणून तो घालतात आणि घरातल्या कपाटाला तो पुरतो. समुद्राकडच्या बाजूला मात्र सोडलेली प्रत्येक जागा म्हणजे खाऱ्या पाण्याची खोबण ठरते, म्हणून तेथे कडेने अखंड वेल्डच घालावा. वाकण्याची भीती असेल तर एका टोकापासून सलग न जाता आलटून पालटून तुकडे भरावेत आणि शेवटी सगळे तुकडे एकमेकांना जोडून घ्यावेत. चौकोनी पाइपाची उघडी तोंडेही झाकणपट्टी लावून बंद करावीत. अपवाद एकच : काम गरम जस्ताच्या टाकीत बुडवून गॅल्वनाइज करायचे असेल, तर पाइपाला हवा जाण्याची भोके ठेवणे बंधनकारक समजावे, कारण बंद पाइपात अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन तो टाकीत फुटू शकतो.

साध्या लोखंडाला ६०१३ क्रमांकाचा रॉड पुरतो, ३.१५ मिलिमीटर जाडीच्या रॉडला सुमारे ९० ते १३० अँपिअर करंट लागतो, नेमका आकडा पुड्यावर पाहावा. आषाढ-श्रावणात उघड्या पुड्यातले रॉड दमट होतात आणि वेल्डमध्ये बारीक छिद्रे, म्हणजे पोरोसिटी, येते. दमटलेला रॉड कामाला चिकटवून लाल करून वाळवण्याची युक्ती सर्रास चालते, पण त्याने वरचा लेप तडकतो. त्यापेक्षा रॉड उत्पादकाने सांगितलेल्या तापमानाला भट्टीत वाळवावेत. ओले हातमोजे आणि ओली जमीन या दोन्ही गोष्टी वेल्डिंगच्या वेळी जिवावर बेतू शकतात, तेव्हा पायाखाली कोरडी फळी ठेवावी.

जोडायची जागा प्रथम गोड्या पाण्याने धुऊन मीठ काढावे, वाळवावी आणि चकाकेपर्यंत घासावी. गॅल्वनाइज पाइप असेल तर सांध्याजवळचे जस्त घासून टाकावे, कारण त्याच्या धुराने संध्याकाळी थंडीताप भरतो. उरलेल्या धुरासाठी मास्क वापरावा आणि हवेचा झोत तोंडापासून दूर जाईल असे बसावे. फिलेट भरताना रॉड दोन पट्ट्यांच्या मधोमध ४५ अंशांत धरावा, पुढे जाण्याच्या दिशेशी साधारण ७० अंश ठेवावा आणि आर्कची, म्हणजे रॉडचे टोक आणि काम यांच्यामधल्या विजेच्या ज्योतीची, लांबी रॉडच्या आतल्या तारेच्या जाडीइतकीच राखावी. करंट जास्त आणि हात घाईचा असला, की वेल्डच्या कडेला चर पडतो. हा अंडरकट रंगाखाली दिसेनासा होतो, पण पाणी तेथेच थांबते. तो लहान रॉडने भरून घ्यावा.

वेल्ड थंड झाल्यावर स्लॅग, म्हणजे लेप वितळून वेल्डवर जमलेली खपली, हातोडीने पूर्ण काढून ब्रशने घासावा, कारण त्याचा कण राहिला तर रंग तेथूनच सुटतो. जस्तयुक्त प्रायमर त्याच दिवशी लावावा. रात्रभर काम उघडे राहिले तर सकाळपर्यंत त्यावर मिठाचा थर बसलेला असतो आणि धुण्यापासून सगळे पुन्हा करावे लागते.