पावसाळ्यात एअरब्रशमधून येणारं पाणी : माझा अनुभव

ओझरच्या एचएएलच्या विमान कारखान्यात बनलेल्या मिग-२१चं १:७२ मॉडेल एअरब्रशने (दाबलेल्या हवेने रंग फवारणारं पेनासारखं साधन) रंगवत होतो. नाशिकचा जुलै, हवा दमट. रंगाबरोबर पाण्याचे थेंब उडून पंखावर डाग पडू लागले.

दोष एअरब्रशचा नव्हता. हवा दाबली की तापते, नळीत थंड होते आणि तिच्यातली वाफ पाणी बनते. माझा छोटा कॉम्प्रेसर बिनटाकीचा, तोही सतत चालून तापायचा. मी ३ लिटर टाकीचा घेतला. आणखी एक मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा फिल्टर) एअरब्रशजवळ लावला, कारण तिथवर हवा थंड झालेली असते. काम संपलं की टाकीखालचा व्हॉल्व्ह उघडून पाणी काढतो. आता थेंब येत नाहीत.

नवीन घेणाऱ्यांनी ०.३ मिमी नोझलचा, वर रंगाचा कप असलेला डबल-ॲक्शन एअरब्रश (ट्रिगर दाबला की हवा, मागे ओढला की रंग) घ्यावा. ॲक्रिलिक रंग दुधाइतका पातळ, हवेचा दाब १५ ते २० पीएसआय.

आणि कृपया मास्कमध्ये काटकसर नको. कापडी मास्क रंगाचे बारीक कणही धड अडवत नाही, थिनरची वाफ तर मुळीच नाही. पार्टिकल फिल्टर आणि ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिज (थिनरची वाफ शोषणारं) असलेला हाफ-मास्क लागतो, दाढी असली तर तोही नीट बसत नाही. स्प्रे बूथची (ज्या पेटीत रंग फवारतो तिची) हवा खिडकीबाहेर जायला हवी. घरात मी फक्त ॲक्रिलिक वापरतो. लॅकरची (थिनरवाल्या रंगांची) वाफ पेट घेते, साध्या एक्झॉस्ट फॅनच्या मोटरची ठिणगीही पुरते, म्हणून ते काम गच्चीवर, कोरड्या दिवशी आणि मास्क लावूनच.