कोल्हापूरहून थरच्या वाळूत गाडी नेताना

कोल्हापूर ते जैसलमेर साधारण 1400 किलोमीटर. पुणे, अहमदाबाद मार्गे तीन दिवस धरा आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच निघा. जैसलमेरपुढे तनोटपर्यंत सुमारे 120 किलोमीटर वस्ती विरळ आहे, त्यामुळे टाकी जैसलमेरलाच फुल्ल करा. पाणी माणशी रोज 5 लिटर. भडंगाचा डबा भरून घ्या, पण तहान वाढते हे ध्यानात ठेवा.

खरी परीक्षा सैल वाळूत. शिरण्याआधीच चाकांतली हवा 33 वरून 20 पीएसआयवर आणा. टायर पसरतो, वजन वाटलं जातं, गाडी रुतत नाही. मात्र वेग 30 च्या आत ठेवा आणि वळण सावकाश घ्या, नाहीतर टायर रिममधून निसटतो.

चाक जागेवर फिरायला लागलं की रेस लगेच सोडा. जितकी रेस, तितका खड्डा. चाकापुढची-मागची आणि गाडीच्या पोटाखालची वाळू फावड्यानं काढा, चाकाला भिडवून पायपुसणी घाला, मित्रांना बाजूनं ढकलायला लावा (चाकामागे कुणीही नको) आणि आल्या चाकोरीतूनच रिव्हर्स घ्या. डांबरीला लागताच हवा परत भरा. पंप सोबत हवाच.