उन्हाळी सल्ला (मार्च ते जून), पुणे जिल्हा: मोरीचं पाणी आळ्यात घ्या

होळी झाली की शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर, पुरंदरच्या जिराईत पट्ट्यात विहिरी तळ गाठू लागतात. गावठाणातली गटारं मात्र वाहतीच असतात. जल जीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा. पाच माणसांच्या घरात ते २७५ लिटर होतं. त्यातलं अंघोळ, धुणं आणि भांड्यांचं पावणेदोनशे ते दोनशे लिटर पाणी रोज घराबाहेर पडतं. उन्हाळ्यात मोठ्या केळीला ठिबकने दिवसाला वीसेक लिटर लागतं. एका घराच्या मोरीवर आठ-नऊ केळी आरामात जगतील. पुणे शहराचं मुळा-मुठेत आलेलं पाणी पुरंदर उपसा योजनेतून आपण उचलून आणतो, त्यासाठी वीजबिल भरतो. दारातलं पाणी ओढ्याला का जाऊ द्यायचं?

सुरुवात पाणी वेगळं करण्यापासून करा. शौचालयाची आणि सेप्टिक टाकीची पाइप या पाण्याला कुठेही मिळता कामा नये. बाळाचे लंगोट धुतलेलं पाणीही शौचालयातच ओता. एवढं पाळलं तर पुढचं काम स्वस्त आणि सोपं आहे.

मोरीबाहेर दोन कप्प्यांची छोटी टाकी बांधा. पहिल्या कप्प्यात खरकटं आणि गाळ बसतो, तेलकट साय वर तरंगते. दोन कप्प्यांमध्ये खाली वाकवलेला पाइप घातला की मधलं निवळ पाणी तेवढं पुढे जातं. साय आणि गाळ आठवड्याला काढून उकिरड्यावर टाका. बहुतेक योजना याच टाकीच्या साफसफाईवाचून बंद पडतात, म्हणून घरातलं कोण आणि कोणत्या वारी ती साफ करणार, हे आधीच ठरवा.

हे निवळ पाणी पाइपने थेट झाडाच्या आळ्यात सोडा, साठवू नका. एका दिवसात ते सडून वास येतो, आणि घाण पाण्यात क्यूलेक्स डास वाढतात. आळं पाचटाने झाका आणि पाइपचं तोंड त्या आच्छादनाखाली ठेवा. तुषार सिंचन नको, पानांवर उडवणंही नको. केळी, नारळ, शेवगा, लिंबू, पपई, कढीपत्ता आणि बांधावरचं हत्तीगवत यांना हे पाणी चालतं. कोथिंबीर, मेथी, पालक, मुळा, गाजर, काकडी यांना अजिबात देऊ नका. फळं काढायच्या दोन आठवडे आधी हे पाणी बंद करा, आणि जमिनीवर पडलेलं फळ खाऊ नका.

खरी काळजी जमिनीची आहे. धुण्याचा सोडा आणि साबणाच्या पावडरीतला सोडियम काळ्या चिकण मातीत साठत जातो. माती घट्ट होते, पाणी मुरत नाही, वर पांढरा थर दिसतो, आणि एकदा चोपण झालेली जमीन सुधारायला वर्षं जातात. म्हणून सोडा टाळा, एकाच आळ्यावर रोज पाणी न सोडता दर दोन-तीन दिवसांनी पाइप हलवा आणि शेणखत भरपूर घाला. पावसाळ्याआधी एकदा माती तपासून घ्या. बारामती आणि नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रांत विचारा. चोपण जमीन सुधारायला वापरतात ते जिप्सम मात्र तपासणीचा अहवाल हातात आल्यावरच टाका.

परसात जागा नसेल तर शोषखड्डा, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा करा. आधी फूटभर खड्डा खणून पाण्याने भरा. सकाळपर्यंत पाणी तसंच राहिलं तर तिथे शोषखड्डा चालणार नाही, मुरमाची जागा शोधा. मुळशी, मावळ, भोरकडे पावसाळ्यात भूजल वर येतं, तिथे खड्डा उथळ ठेवा. पिण्याच्या विहिरीपासून किमान १५ मीटर अंतर सोडा.

गटाराच्या शेवटी सगळ्या आळीचं पाणी एकत्र येत असेल तर खडीचा वाफा करावा. खडीत कर्दळ किंवा पाणकणीस लावायचं. पाणी खडीच्या खालून सरकतं, वर दिसत नाही, त्यामुळे डास होत नाहीत. मुळांवरचे जिवाणू घाण पचवतात, म्हणून या गटारात फिनेल आणि ब्लीचिंग पावडर ओतायची नाही. नागपूरच्या नीरी संस्थेची फायटोरिड पद्धत याच तत्त्वावर चालते. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्यासाठी ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी २८० रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला ६६० रुपयांपर्यंतची तरतूद ठरवलेली होती. सध्या त्यातून काय मिळेल ते ग्रामपंचायतीत विचारून १ मेच्या ग्रामसभेत विषय मांडा. वाफ्यातून निघालेलं पाणी कोणाच्या शेतात जाणार, हेही तिथेच लिहून घ्या, नाहीतर पुढे भांडणं होतात.

मृगाच्या सरी लागल्या की आळ्यातला पाइप काढून पाणी शोषखड्ड्याकडे किंवा खडीच्या वाफ्याकडे वळवा. आळ्यात साठलेले क्षार पावसाने खाली धुऊन जातात. पत्र्याच्या पागोळ्यांचं पाणी शोषखड्ड्यात सोडू नका, एका दिवसात तो तुंबेल.