आयर्विन पुलाचा फोटो काढताना आधी भार कुठं जातो ते बघा

पावसाळ्यात सांगलीत कुणी भेटलं की पहिला प्रश्न असतो, ‘आयर्विनला किती फूट?’ ४० ला इशारा, ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ च्याही वर गेलं होतं. कृष्णेवरचा हा दगडी पूल १९२९ चा, पटवर्धन संस्थानच्या काळातला. नाव व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनचं. पुराचे फोटो बातमीपुरते ठीक, पण पाणी चढलं की कमानीच झाकल्या जातात. दिवाळीनंतर या.

कॅमेरा जरा पिशवीतच राहू द्या आणि एकच कमान नीट बघा. वरून जाणाऱ्या गाडीचा भार सरळ खाली येत नाही. माथ्यावरच्या चावीच्या दगडापासून दोन्ही बाजूंना एकेक पाचरीसारखा दगड शेजारच्याला रेटतो आणि तो रेटा वळसा घेत खांबात उतरतो. दगड दाब सोसतो, ताण नाही. कमानीत त्याच्या वाट्याला दाबच येतो. मधल्या खांबावर डावी-उजवीकडच्या कमानी एकमेकींचा आडवा रेटा बराचसा तोलतात. शेवटच्या कमानीला पलीकडून रेटणारं कुणी नसतं, तो भार काठावरच्या भक्कम बांधकामावर येतो. म्हणून निदान एका फोटोत तरी पुलाचं टोक कापू नका. बहुतेक जण नेमकं तेच कापतात!

एक फोटो अगदी समोरून घ्या. फोनमधली ०.५ची वाइड लेन्स नको, तिनं कडेचे खांब कलंडतात. मागं सरका, २एक्स लावा, ग्रिड चालू करून कठड्याची रेघ आडवी ठेवा. मग फोटोवरच मोजा: कमान जिथून वळायला लागते तिथून माथ्यापर्यंतची उंची रुंदीच्या निम्मी भरली तर ती अर्धवर्तुळ. त्याहून कमी असेल तर कमान चपटी, आणि चपटी जितकी जास्त तितका आडवा रेटा जास्त.

काळा दगड फोनला फसवतो. फोन उजेड वाढवतो, दगड राखाडी होतो आणि आभाळ पांढरं पडतं. दगडावर बोट टेकवून उजेड थोडा खाली ओढा. तिरपं ऊन असेल तर सांधे उठून दिसतात. भर दुपारी कमानीखाली नुसता काळोख.

खांबांच्या तळाचा फोटो हवा असेल तर झूम करा, पाण्यात उतरू नका. इथल्या कृष्णेत मगरी आहेत.