अकूस्टिक गिटारीचा सुटलेला ब्रिज: पुन्हा चिकटवणे आणि बदलणे

स्टीलच्या तारांची गिटार सुरात लावलेली असते, तेव्हा हलक्या जाडीच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण ७० ते ७५ किलोग्रॅम भरतो. बहुतेक गिटारींमध्ये हा सगळा ताण सोसणारा ब्रिज, म्हणजे तारा ज्यात अडकवलेल्या असतात ती लाकडी पट्टी, जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या वरच्या फळीवर केवळ गोंदाच्या पातळ थराने धरलेला असतो. तारा फळीपासून उंचावर असल्यामुळे त्या ब्रिजला नुसत्या पुढे, म्हणजे नेककडे (गिटारीच्या लांब दांड्याकडे), ओढत नाहीत, तर त्याला पुढच्या कडेवर फिरवू पाहतात आणि म्हणूनच सांधा जवळजवळ नेहमी मागच्या कडेकडून सुटू लागतो. तो सांधा किती वर्षे टिकेल हे गोंदाच्या ताकदीपेक्षा उघडे लाकूड उघड्या लाकडाला किती नेमके भिडले आहे यावर अवलंबून असते. गोंद लावण्याचे काम काही मिनिटांचे असते; खरा वेळ आणि खरी काळजी त्याआधीच्या तयारीला द्यावी लागते.

प्रथम तपासणी करावी. पातळ कागदाची कड ब्रिजच्या मागच्या बाजूने आत सरकवून पाहावी. ती एखादा मिलिमीटर जाऊन थांबत असेल, तर काही कारखान्यांत ब्रिजखाली कडेने ठेवली जाणारी लॅकरची (पॉलिशच्या थराची) किनार तेवढी लागते आहे असे समजावे आणि दर काही आठवड्यांनी पुन्हा पाहत राहावे. कागद चार-पाच मिलिमीटर किंवा त्याहून आत जात असेल, तर तारा त्याच दिवशी सैल कराव्यात. ताणाखाली सुटत जाणारा ब्रिज शेवटी फळीचे तंतू उपटूनच बाहेर पडतो आणि सोपी दुरुस्ती अवघड होऊन बसते. ब्रिजमागे फळीला थोडा फुगवटा असणे मात्र स्वाभाविक आहे. साउंडहोलमधून (फळीच्या गोल भोकातून) आरसा आणि दिवा घालून आतल्या पट्ट्या सुटलेल्या नाहीत ना, आणि तारांच्या टोकांचे गोळे जिथे अडकतात ती ब्रिजप्लेट (ब्रिजच्या खाली, फळीच्या आतल्या बाजूची पट्टी) झिजलेली नाही ना, हेही पाहून घ्यावे. प्लेटची भोके मोठी झाली असतील तर गोळे वर चढून ब्रिजच फोडू लागतात, त्यामुळे ती आधी दुरुस्त झाली पाहिजे.

फटीत गोंद सोडून वरून दाब देण्याचा उपाय बराच प्रचलित आहे, पण तो करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आत वाळलेला जुना गोंद नव्या गोंदाला लाकडापर्यंत पोहोचू देत नाही, म्हणून असा सांधा थोड्याच काळात पुन्हा सुटतो. फटीत इपॉक्सी किंवा सुपरग्लू गेलेले असेल, तर पुढे कोणालाही तो ब्रिज नीट काढणे कठीण जाते.

ब्रिजचे लाकूड धड असेल तर तोच पुन्हा बसवावा. पिनांच्या (तारांची टोके भोकांत ठेवणाऱ्या खुंट्यांच्या) भोकांमधून आरपार चीर गेली असेल, सॅडलच्या (ब्रिजवर तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या) खाचेची पुढची भिंत फुटली असेल, ब्रिज वाकला असेल किंवा तारांची उंची कमी करण्यासाठी कोणीतरी तो तासून पातळ केला असेल, तर नवा ब्रिज करावा. तासलेल्या ब्रिजच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे: असे तासकाम बहुधा नेकचा कोन बिघडल्यामुळे झालेले असते, आणि तो कोन न सुधारता पूर्ण जाडीचा ब्रिज बसवला तर तारा वाजवता येणार नाहीत इतक्या उंच जातात. नेक काढून पुन्हा बसवण्याचे काम, तसेच जुन्या मौल्यवान वाद्याची कोणतीही दुरुस्ती, अनुभवी गिटार कारागिराकडेच सोपवावी.

ब्रिज काढण्यासाठी सर्व तारा थोड्याथोड्या, आळीपाळीने सैल करून काढाव्यात. मग पिना आणि सॅडल काढावे. सॅडलखाली पिकअप (आवाज टिपणारे विजेचे उपकरण) असेल तर तोही बाहेर घ्यावा, कारण पुढची उष्णता त्याला सोसणार नाही. काही गिटारींमध्ये ब्रिजवरच्या शोभेच्या शिंपल्याच्या ठिपक्यांखाली बोल्ट दडलेले असतात. ते आतून आरशात दिसतात आणि आधी सोडवावे लागतात. जाड पुठ्ठ्याला ब्रिजच्या आकाराची खिडकी पाडून त्यावर ॲल्युमिनियमची फॉइल चढवावी आणि आसपासचे पॉलिश झाकावे, कारण लॅकर उष्णतेने मऊ पडते. मग मध्यम तापवलेली इस्त्री फक्त ब्रिजच्या लाकडावर काही मिनिटे टेकवून, ब्रिज हाताला सोसणार नाही इतका गरम झाला की, पातळ, लवचीक आणि गोलसर कडांची पॅलेट सुरी गरम करून मागच्या कोपऱ्यातून आत सरकवावी. सुरी फळीला समांतर ठेवावी आणि ती कधीही तरफेसारखी उचलू नये. फळीच्या स्प्रूस लाकडाचे तंतू तिच्या पृष्ठभागाशी क्वचितच अगदी समांतर असतात, त्यामुळे एका बाजूने जाताना ते सोलून निघू लागल्याचे दिसले, तर तिथेच थांबून विरुद्ध बाजूने शिरावे. सुरी अडली की जोर वाढवण्याऐवजी पुन्हा उष्णता द्यावी.

निघालेल्या ब्रिजच्या पोटाला फळीचे तंतू चिकटून आलेले असतील तर ते अलगद सोडवून फळीवर जागच्या जागी चिकटवावेत. फळीवरचा जुना गोंद धारदार पटाशी उभी धरून खरवडून काढावा; पारंपरिक सरस असेल तर कोमट पाण्याच्या ओलसर फडक्याने तो मऊ होतो. येथे पॉलिश पेपर टाळणे बरे, कारण त्याने कडा गोल होतात आणि मऊ फळीला खड्डे पडतात. ब्रिजखाली लॅकरची रुंद किनार शिल्लक असेल, तर ब्रिज जागेवर ठेवून त्याच्याभोवती अगदी हलकी रेघ ओढावी आणि रेघेच्या अर्धा मिलिमीटर आतपर्यंतचे लॅकर खरवडावे. ही रेघ लाकडात उतरता कामा नये. त्यानंतर ब्रिजचे पोट फळीच्या किंचित गोलाईला जुळवावे: ब्रिजच्या जागी १२० नंबरचा पॉलिश पेपर, खरखरीत बाजू वर ठेवून, टेपने लावावा आणि ब्रिज त्यावर छोट्या फेऱ्यांनी घासावा. नुसत्या बोटांच्या दाबाने सर्व बाजूंनी फट नाहीशी झाली की जुळणी पूर्ण झाली.

नवा ब्रिज घेताना किंवा घडवताना शिसव अथवा एबनीचे सरळ रेषांचे लाकूड निवडावे आणि जुन्या ब्रिजच्या पिनांमधील अंतर, सॅडलची जागा व जाडी मोजून घ्यावी. मात्र जुन्या जागेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. नटपासून (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून) बाराव्या फ्रेटपर्यंतचे (नेकवरील बाराव्या आडव्या पट्टीपर्यंतचे) अंतर दुप्पट केले की तारेची सैद्धांतिक लांबी मिळते. ६४५ मिलिमीटर लांबीच्या गिटारीत हे अर्धे अंतर ३२२.५ मिलिमीटर असते. तार दाबताना तिचा ताण वाढून सूर चढतो, म्हणून सॅडल या लांबीच्या थोडे मागे, बारीक ई तारेला साधारण दोन ते तीन आणि जाड ई तारेला पाच ते सहा मिलिमीटर मागे बसवतात. सॅडल तिरपे दिसते ते याच कारणाने.

चिकटवण्याआधी गोंदाशिवाय एक पूर्ण सराव करावा. पहिल्या आणि सहाव्या पिनेच्या भोकांतून मेण लावलेले बोल्ट घातले तर ओल्या गोंदावर ब्रिज सरकत नाही. आतून, पट्ट्यांना अडचण होणार नाही अशा खाचा असलेला लाकडी ठोकळा धरून, साउंडहोलमधून जाणारे लांब जबड्याचे तीन क्लॅम्प लावावेत: एक मध्यभागी, दोन ब्रिजच्या डाव्या-उजव्या पंखांवर. गोंद म्हणून गरम सरस किंवा लाकूडकामाचा पिवळा गोंद वापरावा. सरस साधारण ६० अंश सेल्सिअसला ठेवून वापरतात आणि तो लवकर थिजतो, म्हणून पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने पिवळा गोंद घेणे हिताचे. तो ब्रिजच्या पोटाला पातळ, सलग थरात लावावा. क्लॅम्प आवळताना कडेने सर्वत्र गोंदाचे बारीक थेंब उमटले पाहिजेत. ते ओलसर फडक्याने लगेच पुसावेत. क्लॅम्प प्रमाणाबाहेर आवळू नयेत, नाहीतर फळी दबते आणि गोंद पिळून निघतो. ते किमान रात्रभर ठेवावेत आणि पूर्ण २४ तास होईपर्यंत तारा चढवू नयेत.

तारा चढवताना प्रत्येक तारेचा गोळा ब्रिजप्लेटला खालून टेकला आहे याची आरशात खात्री करावी, कारण ताण प्लेटने घ्यायचा असतो. पिन केवळ गोळ्याला जागेवर ठेवते. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर त्याच जागच्या हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता, तिला हलकेच स्पर्श करून काढलेल्या सुरापेक्षा) चढा येत असेल, तर सॅडलची धार घासून तारेचा टेकू थोडा मागे न्यावा. वाद्य ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत ठेवावे आणि उन्हात बंद गाडीत कधीही सोडू नये. पहिल्या महिन्यात कागदाची तीच तपासणी दोन-तीनदा करावी, कारण जुळणीत काही उणे राहिले असेल तर ते याच काळात मागच्या कडेला दिसू लागते.