नॅससाठी एसएसडी घेताना आधी रोजचं लिखाण मोजा
सांगलीत विश्रामबागला आमचा लग्नाच्या फोटो-व्हिडिओंचा स्टुडिओ आहे. एडिटिंगला आम्ही तिघं बसतो आणि तिघांचंही काम एकाच नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या सामायिक साठवणुकीच्या पेटीवर चालतं. मागच्या वैशाखात, ऐन लग्नसराईत, नॅस सकाळी सकाळी बीप करायला लागला. आतल्या दोन एम.२ एसएसडींपैकी (चिपवर साठवणाऱ्या, पट्टीच्या आकाराच्या ड्राइव्ह) एक ‘रीड ओन्ली’ झाली होती: जुनं वाचता येत होतं, नवीन काही लिहिता येत नव्हतं. बदली ड्राइव्ह यायच्या आत, आठव्याच दिवशी, जोडीतली दुसरीही तशीच झाली. दोन्ही जेमतेम पंधरा महिन्यांच्या. वॉरंटी पाच वर्षांची, तरीही दावा नाकारला गेला.

एसएसडीच्या वॉरंटीला दोन कुंपणं असतात, एक वर्षांचं आणि दुसरं टीबीडब्ल्यूचं, म्हणजे एकूण किती टेराबाइट लिहिलेले कंपनीला मान्य आहेत त्याचं. जे आधी ओलांडाल तिथे वॉरंटी संपते. आमच्या १ टीबीच्या ड्राइव्हचं टीबीडब्ल्यू २०० होतं. घेताना मी फक्त वेग आणि किंमत पाहिली होती.

एवढं लिहिलं कोणी? सीसीटीव्हीने. नॅस बसवताना रेकॉर्डिंगचं फोल्डर चुकून एसएसडीच्या व्हॉल्यूमवर गेलं होतं. आठ कॅमेरे, प्रत्येकी ४ मेगाबिट प्रति सेकंद, म्हणजे सगळे मिळून सेकंदाला ४ एमबी. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले की रोज सुमारे ३४५ जीबी. वर आमचं काम रोज १०० जीबीच्या आसपास. ४४५ जीबीने २०० टीबी संपायला साडेचारशे दिवस पुरतात, आणि तेवढेच पुरले. शिवाय जोडी रेड-१ मध्ये, म्हणजे एकमेकींची आरसाप्रत म्हणून लावलेली होती. त्यात दोन्ही ड्राइव्हवर तेच आणि तेवढंच लिहिलं जातं, म्हणून दोघी बरोबरीनेच झिजल्या.

म्हणून आधी मोजा. सध्या एसएसडी असेल तर नॅसच्या स्टोरेज मॅनेजरमध्ये तिची ‘स्मार्ट’ माहिती, म्हणजे ड्राइव्हने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, उघडा. एनव्हीएमई (वेगवान जोडणीच्या) ड्राइव्हला ‘डेटा युनिट्स रिटन’ असा आकडा दिसतो. त्यातलं एक युनिट ५,१२,००० बाइटचं, म्हणजे १ लाख युनिटांचे ५१.२ जीबी. आजचा आकडा वहीत लिहा, सात दिवसांनी पुन्हा पाहा, फरकाला सातने भागा. पण आठवडा कामाचा निवडा. आषाढात मोजून वैशाखासाठी ड्राइव्ह घेऊ नका.

आमचा आकडा सीसीटीव्ही हलवल्यावर रोज १२० जीबी निघाला. वर्षाला ४४ टीबी, पाच वर्षांना सुमारे २२०. मी तो दुपटीने धरते, कारण फ्लॅशमध्ये, म्हणजे एसएसडीच्या चिपमध्ये, छोटासा बदलही जागच्या जागी करता येत नाही. नवीन पान दुसरीकडे लिहायचं, जुना ब्लॉक नंतर पुसायचा, असं चालतं. त्यामुळे बारीकसारीक फायली सतत सेव्ह झाल्या की आत लिहिलं जातं ते आपण पाठवलेल्यापेक्षा जास्त. म्हणजे आम्हाला किमान ४४० टीबीडब्ल्यू हवं.

आता बाजारातले आकडे पाहा. सॅमसंग ८७० ईव्हीओ, १ टीबी: ६०० टीबीडब्ल्यू. त्याच कंपनीची ८७० क्यूव्हीओ, १ टीबी: ३६०, वॉरंटीही तीनच वर्षं. पहिलीत एका सेलमध्ये तीन बिट असतात, दुसरीत चार. चार बिटवाली, म्हणजे क्यूएलसी, स्वस्त पडते, पण लवकर झिजते आणि मोठी फाइल टाकताना तिची तात्पुरती वेगवान जागा भरली की वेग धाडकन खाली येतो. रोज लिहिण्याच्या कामाला ती घेऊ नका. खास नॅससाठीची डब्ल्यूडी रेड एसएन७००, १ टीबी: २,००० टीबीडब्ल्यू. तिचीच २ टीबी मात्र २,५०० ची, दुप्पट नाही. म्हणून प्रत्येक क्षमतेचा आकडा वेगळा वाचा.

काही ठिकाणी टीबीडब्ल्यूऐवजी डीडब्ल्यूपीडी दिलेलं असतं: वॉरंटीभर रोज अख्खी ड्राइव्ह किती वेळा भरता येईल ते. त्याला क्षमतेने, ३६५ ने आणि वॉरंटीच्या वर्षांनी गुणलं की टीबीडब्ल्यू मिळतं. घरच्या फोटोंसाठी नॅस असेल तर यातलं महागडं काही लागत नाही, साधी तीन बिटवाली म्हणजे टीएलसी पुष्कळ झाली.

एसएसडी हवीच का, हेही तपासा. एक गिगाबिटच्या नेटवर्कवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपासच जातं. मोठ्या व्हिडिओ फायली तेवढ्या वेगाने साधी हार्ड डिस्कही देते. फरक पडतो तो प्रोजेक्ट फायली, कॅटलॉग, थंबनेल अशा हजारो चिल्लर फायलींना. आम्ही एसएसडीवर तेवढंच ठेवतो. मूळ फुटेज आणि सीसीटीव्ही हार्ड डिस्कवर.

एसएसडी कॅश म्हणून, म्हणजे हार्ड डिस्कच्या पुढची वेगवान तात्पुरती जागा म्हणून, लावणार असाल तर ‘रीड’ कॅश निर्धास्त लावा, ती मेली तरी डेटा जात नाही. ‘रीड-राइट’ कॅशमध्ये अजून हार्ड डिस्कवर न पोहोचलेलं काम असतं. ती गेली तर अख्खा व्हॉल्यूम बिघडू शकतो. तिला दोन ड्राइव्हची जोडी आणि यूपीएस हवंच. लाइट गेल्यावर क्षणभर तग धरायला कपॅसिटर असलेल्या एम.२ ड्राइव्ह मिळतात, पण त्या बऱ्याचदा ११० मिलिमीटर लांब असतात आणि ८० च्या खाचेत बसत नाहीत. आधी खाच मोजा, मग नॅसच्या कंपनीची सुसंगत ड्राइव्हची यादी बघा.

जोडी घेताना दोन्ही कोऱ्या लावू नका, नाहीतर आमच्यासारख्या दोन्ही एकदम संपतील. आम्ही एक नवी एसएन७०० आणली आणि दुसरी माझ्या एडिटिंग मशीनमध्ये वर्षभर वापरलेली काढून लावली. आणि जोडी म्हणजे बॅकअप नव्हे. २०१९ चा पूर पाहिल्यापासून आमची एक प्रत विट्याला माझ्या माहेरी असते.

दर महिन्याच्या एक तारखेला मी ‘स्मार्ट’मधला ‘पर्सेंटेज यूज्ड’, म्हणजे ड्राइव्हचं किती टक्के आयुष्य वापरून झालं तो आकडा, वहीत उतरवते. या महिन्यात नवीचा आकडा २ आहे, जुनीचा ५.