लुकलुकणारा टिझिओ

इटालियन डिझायनर एत्तोरे सोटसासच्या मेम्फिस या डिझायनर-गटाचे रंगीबेरंगी दिवे माझ्या खिशाबाहेरचे, म्हणून डिझायनर रिचर्ड सॅपरचा १९७२ सालचा टिझिओ हा फिरत्या दांड्यांचा टेबल-दिवा घेतला. अर्थात जुनाच. सोलापुरात घरी लावला, तर नुसता लुकलुकतोय. नवी पेठेतला ओळखीचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, "वायर बदलू की!" पण याच्या दांड्यांत वायरच नाही. बुडातला ट्रान्सफॉर्मर १२ व्होल्ट देतो आणि वीज दांड्यांतूनच वर जाते; सांधे टिचबटणासारखे. प्लग काढला, टेबलावर जुनी चादर अंथरली, सांधे सोडवून स्पिरिटने पुसले. कापूस काळाकुट्ट! हॅलोजनचा नवा बल्ब मात्र कोरड्या रुमालाने धरून बसवला. पहिला उघड्या, तेलकट बोटांनी धरून मीच घालवला होता. आता दांडी कशीही फिरवा, दिवा डोळासुद्धा मिचकावत नाही.